मागच्या सीटचा अर्ज

महाड ते पोलादपूर मार्गावर मिनीडोर रिक्षाने प्रवास करणाऱ्यांनी शिवराम उतेकरांचा आवाज अवश्य ऐकलेला असेल. स्वतः प्रवासी असूनही, खड्डा येण्याआधी ते बाकीच्यांकडे वळून अदबीने म्हणतात, "पुढं खड्डा हाय. माफी असावी." मग मिनीडोर आदळते. दासगावच्या एका मासेवालीने त्यांना एकदा विचारलेच, "खड्डा काय तुमी खनलाव?"

"नाय गो बाय. पन गाडीत बसलेल्याला झटका बसला, तर तो आमचा गुन्हा. तशी शिकवन हाय."

तहसील कचेरीसमोर गेली बावीस वर्षे मी अर्ज लिहीत आहे. त्यामुळे माणूस पारखण्याचा मला अधिकार आहे. उतेकरांसारखा अर्जदार माझ्या टेबलापुढे दुसरा आलेला नाही.

कुडपणच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईत एका शेठजींच्या मोटारीवर चालक होता. मोटार साधी नव्हे. पूर्वी राजेरजवाड्यांसाठी मोटारी घडवणारा तिचा परदेशातला कारखाना दोन पिढ्या बंद होता. मग एका बड्या कंपनीने ते नाव पुन्हा जिवंत केले, आणि मुंबईत ज्या थोड्या मोटारी उतरल्या, त्यांतली एक शेठजींच्या दारी आली. चालकांना शिकवायला खास गोरा साहेब आला होता. मागच्या बाजूस काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून त्याने उतेकरांना भर गर्दीतून गाडी फिरवायला लावली. थेंबही सांडला नाही. "साहेबानं डोक्यावरची टोपी काढली," एवढेच सांगून उतेकर थांबतात. स्वतःची स्तुती ते त्यापुढे करीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

परंतु राजे उरले नव्हते. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून कंपनीने कारखान्याला पुन्हा कुलूप लावले आणि ते नाव आपल्या दुसऱ्या मोटारींच्या पाठीवर चिकटवून टाकले. "घरानं बुडालं, आडनाव भाड्यानं दिलं," असे उतेकर त्याचे वर्णन करतात. पुढे शेठजी वारले, मुलाने नवी गाडी घेतली, जुनी कापडाखाली गेली आणि उतेकर गावी परतले.

परतल्यावर आठवड्याच्या आत ते माझ्याकडे आले. कारखाना पुन्हा चालू करण्याबाबत कंपनीस अर्ज करावयाचा होता. मी विषय, संदर्भ, विनंती, सर्व रीतसर घालून, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो तयार केला. मराठी ही राजभाषा असल्याने अर्ज मराठीतच ठेवला. अर्जदाराचा हितसंबंध काय, असा प्रश्न मी उपस्थित केला, तेव्हा उतेकर म्हणाले, "तिच्यापायी बारा गनपती घरी आलो नाय. तेवढं लिवा."

मी लिहिले. आणि कंपनीचे उत्तर आले! इंग्रजीत तीन ओळी, सोबत रंगीत माहितीपुस्तक. मोटार खरेदी करण्याच्या आपल्या इच्छेबद्दल आम्ही आभारी आहोत, असा मजकूर होता. उतेकरांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतले.

गेल्या मार्गशीर्षात ते धापा टाकत आले. शेठजींची मोटार भंगारात निघाली होती. तिचा एकही सुटा भाग आता कुठेच मिळत नव्हता.

"भाऊसाहेब, आता शेवटचा अर्ज. शेठच्या पोराला. बायकोला एकदा तरी तिच्या मागच्या सीटवर बसवीन, असा शब्द दिलेला. कामात राहून गेलं."

तो अर्ज मी जीव ओतून लिहिला. 'अर्जदाराची धर्मपत्नी सौ. अनुसया हिने अर्जदाराच्या गैरहजेरीत भातशेती, सासूचे आजारपण व तीन मुलांची लग्ने एकहाती पार पाडली असून, तिला सदर सीटवर बसण्याची एक वेळ परवानगी मिळावी.' चार दिवसांत फोन आला. रविवारी या, सोमवारी भंगारवाला येतोय.

अर्जदाराचा प्रतिनिधी या नात्याने मीही गेलो. मुंबईत शेठजींच्या इमारतीच्या तळघरात ती मोटार उभी होती. टायर बसलेले, पण रुबाब शाबूत. अनुसयाबाई नवे लुगडे सावरत मागे बसल्या आणि त्यांनी हाताने चामडे चाचपले.

"गादी बरी हाय. आनि तुमी कुठं बसायचात?"

"पुढं."

"हितं कधीच नाय?"

"चालकानं मागं बसायचं नसतं गो."

"आता कोन चालवतंय? या हितं. का भाऊसाहेबांकडनं अर्ज लिवून देऊ?"

उतेकरांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली. वहाणा बाहेर काढून ते सीटच्या कडेला कसेबसे टेकले. समोर चालकाच्या सीटची पाठ होती आणि वर आरशाची एक पट्टी. बराच वेळ ते तिकडेच पाहत राहिले.

"अनसू," ते हळूच म्हणाले, "इतकी वर्सं मी हितनं असा दिसत व्हतो व्हय? नुसती पाठ?"

अनुसयाबाईंनी त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"आमी तरी दुसरं काय बघितलं," त्या म्हणाल्या, "तुमी यष्टी पकडायला निघालात की?"