दोन थेंब फॉर्मालिन

आमच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यामागे, शेजारच्या नानांची लघवी ठेवलेली होती. झाकणबंद बाटली, वर ओलं फडकं, फडक्याला सुतळी. आमच्या ह्यांनीच नानांना दार उघडलं होतं. काय ठेवताय, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती.

मी तरातरा शेजारी गेले.

"ओरडू नको, सेक्रेटरीबाई," नाना म्हणाले. "आमचा फ्रिज बंद पडला. नमुना तापला का वाया जातो."

"नाना, तो माझा फ्रिज आहे! त्यात आम्ही जेवायचं ठेवतो!"

"म्हणून तर. तुझ्याकडे सगळं स्वच्छ असतं."

मी जळगावातल्या आमच्या कॉलनीची सेक्रेटरी. पाण्याचा टँकर, गणपतीची वर्गणी, कोणाची गाडी कोणाच्या फाटकापुढे, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. तक्रारींच्या यादीत नानांसाठी मी वेगळं पान ठेवलं आहे.

नाना मूळचे धुळ्याकडचे. नोकरी दूध शीतकरण केंद्रात, नमुने तपासण्याची. निवृत्त झाले, पण सवय गेली नाही. टँकरचं पाणी ते काचेच्या नळीत धरून उजेडाकडे बघतात. लग्नात मठ्ठ्याचा आधी वास घेतात आणि निष्कर्ष थेट मुलीच्या बापाला कळवतात. एरवी आमच्यासारखंच बोलतात, तावात आले की अहिराणीवर येतात. "बठ्ठं नमुनामां कळस!" म्हणजे सगळं नमुन्यात कळतं, हे त्यांचं पालुपद.

त्यांच्या मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली होती. काढली. पण ही गाठ पुन्हा उगवू शकते, म्हणून ठरावीक महिन्यांनी धुळ्याला जाऊन दुर्बिणीनं आत बघून घ्यावं लागतं. गेल्या वर्षी अक्का, म्हणजे नानांची बायको, गेली आणि तेव्हापासून नानांनी तारखा चुकवायला सुरुवात केली. कधी गुडघा, कधी पाहुणे. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "दुर्बीण करायचीच. शिवाय आमच्या संशोधनासाठी लघवीचा नमुनाही द्या." नानांनी 'शिवाय'च्या पुढचं तेवढं ऐकलं.

तपासणी टेलोमरेजची होती. साधी पेशी विभागत गेली की तिच्या गुणसूत्रांची टोकं झिजत जातात आणि ती एक दिवस थांबते. कर्करोगाची पेशी टेलोमरेज नावाच्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जोरावर ती टोकं पुन्हा भरून घेते आणि थांबतच नाही. अशा पेशी लघवीत उतरल्या असतील तर तिथे ते विकर काम करताना सापडतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कॉलनीला नानांनी सांगितलं, कट्ट्यावर बसून:

"जी म्हैस कधी भाकडच होत नाही, तिच्यावर संशय घ्यायचा. एवढंच शे ते!"

आमच्या फ्रिजमधला मुक्काम संपवून बाटली बर्फाच्या डब्यात गेली, डबा नानांच्या मांडीवर, आणि नाना धुळ्याच्या एसटीत. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काय आबा, कुल्फी का?" नाना म्हणाले, "तुले परवडाव नही."

काही दिवसांनी प्रयोगशाळेचा फोन आला. माझ्या मोबाइलवर. नानांनी स्वतःच्या नंबराऐवजी माझा दिला होता, मला न विचारता. विकर सापडलं नाही, असा निरोप होता. नानांनी कॉलनीभर पेढे वाटले. "आते दुर्बीण बंद!"

मला पेढा देताना त्यांची छाती फुगली होती. "नमुना घ्यावा तर आपण. दोन थेंब फॉर्मालिन टाकलं होतं. केंद्रात दुधाच्या नमुन्यात टाकायचो, ती जुनी बाटली अजून माझ्याकडे शे. नमुना महिनाभर नासत नाही."

मी पेढा तसाच खाली ठेवला. त्यांच्यासमोरच धुळ्याला प्रयोगशाळेत फोन लावला. पलीकडच्या मुलीला फॉर्मालिनचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, फॉर्मालिननं विकर मरतं. असतं तरी दिसलं नसतं. हा निकाल धरू नका. आणि नमुना चांगला असता तरी दुर्बीण करावीच लागते, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

मी फोन ठेवला आणि नानांवर सुटले. "दूध आहे का ते, नाना? पेढे कसले वाटता? आत गाठ असली तर? ती दुर्बीण एवढी का टाळता? दुखतं?"

"दुखत नही."

"मग?"

नाना पेढ्यांच्या खोक्याला सुतळी बांधत राहिले. गाठ पक्की होती, तरी परत सोडून बांधली.

"तिथली सिस्टर दारातच विचारते, सोबत कोण आहे? सोबत कोणी असल्याशिवाय आत घेत नाहीत." मग हळूच, "बाटलीले कोनी इचारत नही."

त्यांची मुलगी परदेशात. अक्का नाही. माझा नंबर त्यांनी का दिला होता, ते मला तेव्हा उमगलं. मी म्हटलं, "गुरुवारी मी रिकामी आहे. सकाळची गाडी. आणि काहीही थेंब टाकायचे नाहीत."

गुरुवारी सिस्टरनं विचारलंच, "आजोबांसोबत कोण?"

"मी," मी म्हटलं. नानांनी वाटेत बसथांब्यावरच्या चहाला नावं ठेवली होती, खिडकीवरून ते भांडले होते. आता आत जाताना मात्र त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"अक्का पदरमां गुंडाळी ठेवे," म्हणाले.

माझ्या पर्समध्ये चष्म्याची रिकामी डबी होती, मी अशा वस्तू बाळगते. पण ती काढली नाही. चष्मा ओढणीत गुंडाळला आणि बाकावर बसून राहिले.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छोटीशी गाठ पुन्हा आली होती, वेळेत सापडली, काढता येईल. मागोमाग चाकाच्या खुर्चीत नाना आले. डोळे बारीक करून बाकाकडे बघत होते. चष्म्याशिवाय त्यांना मी दिसत नव्हते.

"सोबतवाली शे का?" त्यांनी विचारलं.

"आहे नाना. इथंच आहे."