सामंतांचा एप्रिल

आपली टीम हरली की ऑफिसात खजूर वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो मस्कतमध्ये. आमचे सामंत. बरं, टीम तरी कुठली? मुंबईची नाही, पुण्याची नाही. थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, आणि तीही बेसबॉलची! तिथे संध्याकाळी मॅच सुरू होते तेव्हा आमच्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. सामंत आंघोळ उरकून, टीमची टोपी घालून, चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसत. मोसम एप्रिलच्या तोंडावर सुरू व्हायचा आणि ही टीम पहिल्या दिवसापासून मार खायची.

"अहो, लाज कशी वाटत नाही यांना?" मी विचारायचो.

"अजून एप्रिल आहे," सामंत शांतपणे म्हणायचे. "मोसम केवढा लांबलचक असतो! एप्रिलमध्ये हरणाऱ्याला नावं ठेवू नयेत."

मी रोज त्यांच्याच गाडीतून अल मवालेहहून कुरुमच्या ऑफिसला जायचो, कारण ओमानचं लायसन्स मला काही केल्या मिळत नव्हतं. पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची परीक्षा असते. माझ्या वेळी एक तरी पिंप आडवं व्हायचंच. "घाबरू नका हो, अजून एप्रिल आहे!" हे सामंतांनी मला भर नोव्हेंबरात सांगितलं. ऑफिसातल्या नव्या ओमानी इंजिनियरने नकाशा उलटा धरला आणि मालक भडकले, तेव्हाही हे मध्ये पडले, मालकांना म्हणाले, "अर्बाब, स्टिल एप्रिल!" मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझी मुलगी "माझी आजोबा खूप चांगली आहे" म्हणाली. सगळा हॉल हसला, सामंत तेवढे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्याच्या फजितीला इतकी मुदत देणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मला ते फार आवडायचे.

मग एका वर्षी भलतंच घडलं. ती टीम चक्क एप्रिलमध्ये जिंकायला लागली. नावाजलेल्या टीमा धडाधड पडत होत्या आणि सामंतांचे भिडू रोज कुणाला तरी लोळवत होते. ऑफिसात खजूर बंद झाले.

"अभिनंदन!" मी गाडीत बसता बसता म्हणालो.

"हं. यल्ला, चला, पट्टा लावा."

असे बरेच दिवस गेले. शेवटी मला राहवेना. "सामंत, जिंकताहेत तर तोंड का पाडून बसलात?"

ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले. "निनाद त्या टीमच्या गावात असतो ना." निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा. "ही होती तोवर त्याचा फोन आला की मी म्हणायचो, 'थांब, आईला देतो.' बास, बापलेकांचं बोलणं एवढंच. ही गेली आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. दोघंही गप्प. मग एकदा तो या बेसबॉलबद्दल बोलायला लागला, चांगला अर्धा तास. मला ओ की ठो कळलं नाही. पण बोलत होता हो! म्हणून शिकलो. टीम हरली की वैतागून फोन करतो. मी म्हणतो, अजून एप्रिल आहे रे. जिंकली की मित्रांबरोबर असतो. चांगलंच आहे की."

म्हणजे ते खजूर फोनचे होते.

ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवारी. त्या शुक्रवारी सकाळी आमच्या क्रिकेटच्या मैदानावर मी मुद्दाम जाहीर केलं, आज सामंत बेसबॉल शिकवणार. टीम जिंकायला लागल्यापासून त्यांचं मॅचवरून मन उडालंच होतं, ती सोडून ते आले. भाजी मार्केटातली कांद्याची रिकामी पोती चार कोपऱ्यांत टाकली. बॅट आमचीच. आमच्यातल्या जोशींनी पहिलाच चेंडू लांब मारला, बॅट घेऊन पळत सुटले, पहिल्या पोत्याला बॅट टेकवली आणि दुसऱ्या रनसाठी गर्रकन मागे वळले.

"अहो, परत कुठे येताय? पुढे! पुढे पळा!" सामंत ओरडले. आम्ही उरलेले "अजून एक रन आहे, पळ!" म्हणून किंचाळत होतो. सामंत पोट धरून हसायला लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

नाव पाहून ते गंभीर झाले. "हरले वाटतं," म्हणाले आणि गोंगाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. "अरे, जाऊ दे निनाद, अजून एप्रिल..."

"बाबा, जिंकलो आपण! शेवटच्या इनिंगमध्ये! म्हटलं, आधी तुम्हाला सांगू. बघितलंत ना?"

सामंत गडबडले. "थांब हं," ते सवयीनं म्हणाले आणि फोनचा हात बाजूला लांब केला. तिथे कुणीच नव्हतं. क्षणभर हात तसाच राहिला. मग त्यांनी फोन कानाशी आणला.

"नाही रे, हुकली माझी. पहिल्यापासून सांग."

आणि ते दुसऱ्या पोत्यावर, भर उन्हात, मांडी घालून बसले. आम्ही खेळ थांबवला आणि सावलीत जाऊन त्यांचं बोलणं संपायची वाट बघत राहिलो.

रविवारी ऑफिसात खजूर आले.