पूजेत बसलेलं कीर्तन

कुंभकोणमात संगणक कळणारी माणसं पुष्कळ असतील, कीर्तन कळणारीही असतील. पण दोन्ही कळणारा मी एकटाच! हे गर्वानं सांगत नाही. गर्वानं सांगत होतो, नवरात्रातल्या नवमीच्या सकाळपर्यंत.

आमच्या विठ्ठल मंडळीच्या मीनाक्षीबाई, वय शहात्तर, त्यांतली पन्नास वर्षं हरिकथेला उभ्या! त्या आठवड्यात इस्पितळातून घरी आल्या. म्हणजे डॉक्टरांनीच 'आता घरी ठेवा' म्हणून पाठवलं. बाईंनी एकच मागितलं : वडिलांनी, कीर्तनकार बुवांनी, केलेलं कुचेलाचं, म्हणजे आपल्या सुदाम्याचं, आख्यान एकदा ऐकायचं.

साठेक वर्षांपूर्वीच्या टेपवर ते होतं. बाईंचा मुलगा रविशंकर ती टेप परदेशी घेऊन गेलेला. त्यानं तिची फाईल करवली, मंडळीच्या ईमेलवर धाडली, आणि विमानात बसण्याआधी मला फोन केला, "मामा, मी उद्या दुपारी पोचतो. तोवर आईला ऐकवा."

ते ईमेल माझ्या बायकोच्या, विशालाक्षीच्या, फोनवर दिसे. ती म्हणाली, "चला, बाईंकडे जाऊं, फोन कानाशी धरूं."

"फोनवर? बुवांचा आवाज? काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखा! आपल्या संगणकात मेलचा प्रोग्राम आहे. त्यात खातं जोडतो, अस्कं टपाल, सगळंच्या सगळं, खाली उतरवतो, आणि मोठे स्पीकर लावून ऐकवतो! संध्याकाळी संगणकच ऑटोत घालून नेऊं."

प्रोग्रामनं नाव विचारलं, पत्ता, पासवर्ड, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर, जाणाऱ्याचा सर्व्हर... विशालाक्षीला पाहायला गेलो तेव्हा तिच्या काकांनीही इतकं विचारलं नव्हतं! मग म्हणे, आयमॅप की पॉप? पॉप आटोपशीर वाटलं, तेच घेतलं. शेवटी एक चौकोन, आधीच टिक केलेला : 'सर्व्हरवर प्रत ठेवा'. प्रसाद हातात घेतल्यावर पुन्हा ताटात कशाला ठेवायचा? टिक काढली.

अकराशे पत्रं धबाधबा उतरली! त्यांत बाईंच्या वडिलांचं आख्यानही. मी "उतरलं!" असा पुकारा केला आणि आंघोळीला गेलो.

बाहेर येऊन बघतो तो संगणक दिसेना! म्हणजे होता, पण कपाळाला चंदन, वर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. एका बाजूला पोथ्या, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्र, पुढे कुरमुरे नि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ. विशालाक्षीची सरस्वतीपूजा आटोपून कापूरही विझला होता.

"अगं, हा कशाला बसवलास?"

"वर्षानुवर्षं बसतोय! यंदा का नक्को?"

वाचकहो, आमच्याकडे सरस्वतीपुढे ठेवलेल्या वस्तूला दशमीच्या सकाळची पूजा होईपर्यंत हात लावत नाहीत. पोथी असो, चिपळ्या असोत, वा संगणक!

"त्यात बाईंचं आख्यान आहे!"

"माझ्या फोनात आहेच की." तिनं फोन काढला. बोटानं खाली सरकवलं, वर सरकवलं. "अय्यो! इथं काहीच नाही!"

कोईम्बतूरला मुलीला, रम्याला, फोन लावला.

"अप्पा, टिक काढलीत?"

"काढली."

"मग अस्कं तुमच्या संगणकातच. दुसरीकडे कुठं नाही. रवीअण्णाला पुन्हा पाठवायला सांगा."

"तो विमानात आहे गं!"

"मग संगणक उघडा."

"तो पूजेत आहे!"

पलीकडे मुलगी हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

विशालाक्षी डोळे पुसत म्हणाली, "मी पूजा उठवणार नाही. मात्र बाईंनी सांगितलं, तर आत्ता माळ काढतें."

गेलो. बाई उशीला टेकलेल्या, श्वास पायऱ्या चढल्यासारखा. मी टिकेपासून कापरापर्यंत सगळं सांगितलं. पापाची इतकी तपशीलवार कबुली चित्रगुप्तालाही मिळाली नसेल.

"सेतू," बाई म्हणाल्या, "लहानपणीही तू टाळ भलत्या जागी वाजवायचास."

"होय बाई. संगणक उघडूं?"

"सरस्वती बसलीय ना त्यावर?"

"होय."

"मग तिला उठवूं नको. जन्मभर लोकांना हेच सांगितलं, आता स्वतःसाठी मोडूं? मी थांबतें. मला कुठली बस पकडायचीय!"

पहाटे साडेचारला बाई गेल्या.

विशालाक्षीनं उजाडता उजाडता दशमीची पूजा केली. मग तिनंच माळ काढली, तिनंच ऑटो बोलावला. संगणक मांडीवर, स्पीकर पायांशी, चंदन अजून ओलं. बाईंच्या उशाशी मांडलं. मंडळी भिंतीला टेकून बसली.

फाईल लावली. आधी खरखर, मग झांज, मग बुवांचा खणखणीत आवाज. कुचेल पोह्यांचं गाठोडं काखेत लपवत द्वारकेत शिरला, आणि अचानक बुवा थांबले.

"मृदंग थांबवा! मीनाक्षी! ए पोरी! मी इथं घसा कोरडा करतोंय आणि तू पहिल्या ओळीत झोपलीस? ऊठ!"

टेपमधले साठ वर्षांपूर्वीचे लोक खो खो हसले.

खोलीत मात्र सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. खोटं कशाला सांगूं, मीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वडिलांचा शब्द बाईंनी मोडला, तो आयुष्यात तेवढा एकदाच.

विशालाक्षी माझ्या कानाशी आली. "बघत काय बसलात? आवाज वाढवा जरा."

मी हात पुढे केला. बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.