स्कर्टवाले भोईरदादा

आमचे भोईरदादा कुठलीही उंच गोष्ट खालून बघतात. अंजूरला नव्या देवळावर कळस चढला, तेव्हा सगळा गाव माना वर करून उभा होता आणि हा गृहस्थ चौथऱ्याशी वाकून दगडांचे सांधे चाचपत होता. मी विचारलं तर म्हणाले, "कळस सगलेच बघतान. तो कशावर उभा हाय, ते कोन बघनार?"

भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामांमागे आमचा कारखाना आहे. रसायनवाल्या कंपन्यांसाठी आम्ही दाबाच्या टाक्या बनवतो, काही तर आठ-दहा मजल्यांएवढ्या उंच. अशी टाकी नुसती जमिनीवर उभी राहत नाही. तिच्या बुडाला जाड पत्र्याचं नळकांडं जोडायचं आणि ते काँक्रीटच्या पायातल्या बोल्टांवर बसवायचं. टाकीचं वजन, वारा, भूकंप, सगळं त्यानं सोसायचं. या नळकांड्याला धंद्यात स्कर्ट म्हणतात. दादा वर्षानुवर्षं फक्त स्कर्ट डिझाइन करतात आणि मी त्यांची ड्रॉइंग काढते.

एकदा शेअर रिक्षात ते फोनवर साइटच्या माणसाला समजावत होते, "अरे, तिची उंची बघ. एवढा पातल स्कर्ट चालनार न्हाय. वारा सुटला का काय करशील?" शेजारच्या मावशींना कशेळीला जायचं होतं, त्या पुढच्याच नाक्यावर उतरल्या. तेव्हापासून वहिनींनी घरात तो शब्द बंद केला. दादा घरी 'परकर' म्हणतात. मुलीच्या सासरच्यांनी काय काम करता विचारलं, तर यांनी शांतपणे सांगितलं, "परकर डिझाइन करतो." यंत्रमागांच्या भिवंडीत ही गोष्ट कुणालाही खरी वाटते. व्याह्यांनी दिवाळीला चार वार सुती कापड नमुना म्हणून पाठवलं.

दादांच्या एका हट्टाचं मात्र मला कोडं होतं. टाकी उभी झाली की स्कर्टच्या आत जायला एकच वाट उरते, पत्र्यात कापलेलं गोल भोक. गिऱ्हाईक म्हणतं अठरा इंच पुरे. दादा चोवीसच्या खाली उतरत नाहीत. मोठ्या भोकानं पत्रा कमजोर होतो, मग कडेला जाड पट्टी लावा, पुन्हा सगळं गणित करा. तेही ते आनंदानं करतात.

गेल्या उन्हाळ्यात एका कंपनीचा तरुण इंजिनिअर यावरून अडून बसला. "सर, आमच्या सगळ्या टाक्यांना अठराच आहे."

दादा त्याला खाली शेडमध्ये घेऊन गेले. दुसऱ्या कुणाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनलेला, अठरा इंची भोकाचा एक स्कर्ट तिथे उभा होता. "जा आत."

तो हसत हसत आत गेला. "गेलो की."

"आता तुला चक्कर आलीय. अंग सैल सोड. मी वढतो."

दादांनी त्याचा हात धरून ओढला. डोकं आलं, एक खांदा आला आणि माणूस तिथेच अडकला. दोन फिटर धावले. शर्टाची बटणं तुटली, पण दुसरा खांदा येईना. शेवटी पोरगा स्वतःच अंग चोरत, घामाघूम होऊन बाहेर आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "चोवीस करा."

तो गेल्यावर मी दादांना विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

ते स्टुलावर बसले. "मी आधी फिटर व्हतो, बाय. आमचा एक वेल्डर व्हता, शमशाद. साइटवर स्कर्टच्या आत काम करताना गुदमरून कोसळला. त्याचा हातच तेवढा बाहेर आला. गॅस कटरनं भोक मोठं करेपरत मी तो धरून बसलेलो."

"वाचला?"

त्यांनी मान हलवली. "न्हाय." मग हातातला खडू चुरत म्हणाले, "त्या भोकाचं मार्किंग मीच केलं व्हतं. ड्रॉइंगप्रमानेच. ड्रॉइंगात काय चूक नव्हती."

त्यानंतरच नोकरी सांभाळून दादांनी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्याभरानं त्या कंपनीचा स्कर्ट तयार झाला. टाकीला जोडण्याआधी दादांनी मला खाली बोलावलं. चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि सुटलेल्या पोटासकट भोकातून आत शिरले. थोड्या वेळानं आतून हात बाहेर आला.

"वढ, बाय."

मी आणि एका फिटरनं मिळून ओढलं. दादा अंग सैल सोडून होते, तरी सरळ बाहेर आले. जमिनीवर बसून त्यांनी पँटची धूळ झटकली, पट्टीची कड बोटानं तपासली, "बरोबर हाय" म्हणाले.

हे सगळं त्यांनी एकाच हातानं केलं. दुसऱ्या हातात माझा हात होता, तो त्यांनी लगेच सोडला नाही.