गजभियेजींची जादा खुर्ची

आमच्या शेजारच्या गजभियेजींना नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. ‘भिया, टोटल किती?’ असं विचारतात; भिया म्हणजे इंदुरी भाऊ. कशाचं टोटल, ते आपण समजून घ्यायचं. पाहुण्यांचं, कुंड्यांचं, खाली लावलेल्या स्कूटरांचं.

आकडा सांगितला की डोळे मिटून त्याचे अवयव पाडतात. चोवीस असेल तर स्वारी खूश, सहा चोक, ओळी सरळ. पण मूळ संख्या निघाली की संपलं. ‘प्राइम निकला, भिया! ओळी कशा लावणार आता?’

मी नांदेडहून इंदूरला आलो तो कॉलेजात गणित शिकवायला. पाचवीच्या पुस्तकातलं गणित घेऊन हा माणूस माझीच शिकवणी घेतो, याचा मला मनस्वी संताप येतो. म्हणे महूच्या फौजी स्टोअरमध्ये तीस वर्षं पेट्या रचल्या. रचल्या असतील. म्हणून आम्हीही पेट्याच का?

एकदा पार्किंगमध्ये एकतीस स्कूटर निघाल्या. मी म्हटलं, ‘एक बाहेर लावा. सहा पंचे तीस, विषय संपला.’

‘कोणाची बाहेर लावू? जोडायचं असतं भिया, काढायचं नसतं,’ असं म्हणून त्यांनी बायको गेल्यापासून बंद पडलेली तिची स्कूटी ढकलत आणली आणि आठ-आठच्या चार ओळी केल्या. त्या स्कूटीचा आरसा आजही माझ्या कोपराला लागतो.

मुलीच्या बारशाला मी त्यांना मुद्दाम बोलावलं नाही. गच्चीवर खुर्च्या मांडतोय तोच हे हजर. ‘टोटल किती?’

‘सत्तेचाळीस,’ मी फटकन बोलून गेलो.

त्यांचा चेहरा असा खुलला, जसं काही बारसं त्यांच्याच घरी होतं. ‘प्राइम! फिकर नॉट!’ धावत जाऊन घरची घडीची खुर्ची आणली, अठ्ठेचाळीस केल्या आणि शेवटच्या खुर्चीवर बसून दोनदा श्रीखंड घेतलं. आगंतुकपणाला इतकं शास्त्रीय कारण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी बिल्डिंगचे पोहे-जलेबी होते. खुर्च्यांचं काम माझ्याकडे. गजभियेजी खुर्ची काखेत मारूनच उतरले. ‘टोटल किती?’

‘चोवीस,’ मी विजयाने सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. उघडले. ‘बढ़िया आकडा. मग माझं काही काम नाही.’ आणि खुर्ची घेऊन वर गेले. थोड्या वेळाने ते गॅलरीत त्याच खुर्चीवर बसलेले दिसले.

‘सुटलो एकदाचा,’ मी बायकोला म्हटलं.

‘त्यांना कोणी या म्हटलं होतं का?’ तिने विचारलं. ‘आकडा अडला तरच येतात ते. आपल्याला वाटतं, घुसतात.’

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मी गॅलरीखाली जाऊन ओरडलो, ‘गजभियेजी, मोजणी चुकली! तेवीसच आहेत!’

ते कठड्यावरून वाकले. बोटाने खुर्च्या मोजताना मला स्पष्ट दिसले.

‘पक्कं?’

‘पक्कं. प्राइम आहे. या लवकर.’

ते खुर्ची घेऊन आले. सगळ्यांना उठवून खुर्च्या नव्याने लावायला लागले. तेवीस आणि त्यांची एक, म्हणजे सहा चोक व्हायला हवे होते. त्यांनी पाच-पाचच्या पाच ओळी लावल्या आणि माझ्याकडे न बघता पोह्यांची प्लेट मागितली.