बासुंदीतल्या विषाचा मुदतपूर्व अहवाल

सन १९९६च्या मे महिन्यात सुरतेतल्या त्वरित अन्नतपासणी केंद्रात, जंतूंनी सोडलेलं विष अर्ध्या तासात ओळखणाऱ्या पट्ट्यांची पेटी रीतसर दाखल झाली. त्याआधी या तपासणीला आठ दिवस लागत. तेवढ्या अवधीत रोगी बरा तरी होई किंवा तक्रार करण्याच्या स्थितीत तरी राहत नसे, त्यामुळे केंद्राचं काम सुरळीत चाले.

पट्ट्या हाताळायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस केंद्रात एकच होता, प्रयोगशाळा सहायक शालिग्राम. मूळचा शिरपूरकडचा, मितभाषी, दिलेलं काम दिलेल्या वेळेत करण्याची वाईट खोड असलेला.

एका गुरुवारी सकाळी नवागामहून बासुंदीची बाटली आली. आदल्या दिवशी तिथल्या एका जेवणावळीत सदतीस जणांना उलट्या झाल्या होत्या. आवक कारकून चहाला गेलेला, म्हणून शिपायाने बाटली थेट शालिग्रामच्या टेबलावर ठेवली. दहा चाळीसला त्याने पट्टीवर थेंब टाकले. अकरा दहाला दोन तांबड्या रेघा उमटल्या. विष होतं.

बाटलीसोबतच्या चिठ्ठीत डेअरीवाल्याचा जबाब होता: त्याच कढईतली उरलेली बासुंदी आज चार वाजता कोसाडला उषाबाईंच्या घरी, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला जाणार. शालिग्राम अहवाल लिहून धावतच साहेबांकडे गेला.

साडेबाराला जागेवर आलेल्या मगनभाई साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि आवक वही मागवली.

"जुओ शालिग्रामभाई, तक्रार नोंदली बारा वाजता. तुमचा निकाल अकरा दहाचा. म्हणजे तक्रार जन्मायच्या आधी निकाल?"

"साहेब, पट्टी त्वरित आहे."

"त्वरित आहे, पण एवढी त्वरित कशी चालेल? हा अहवाल मुदतपूर्व ठरतो. पुन्हा नमुना घ्या. डेअरीला तीन दिवसांची नोटीस द्या, म्हणजे बिचारे चांगला नमुना काढून ठेवतील."

"पण साहेब, आज चार वाजता कोसाडला..."

"कोसाडहून तक्रार आली आहे?"

"अजून कुणी खाल्लंच नाही, साहेब."

"मग घाई कसली?"

शालिग्रामने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लुना काढली. कोसाडला पोचला तेव्हा सव्वातीन झाले होते. बासुंदीचे कॅन वेळेआधीच येऊन पडले होते आणि उषाबाई स्वतः वाट्या मांडत होत्या. नवरी मुलगी हर्षदा दारातून बघत होती.

"ताई, ही बासुंदी वाढू नका. हिच्यात विष शे. मी तपासनीवाला."

"कागद शे का तुमनाजोडे?" उषाबाईंनीही अहिराणीतच विचारलं.

कागद साहेबांच्या टेबलावर होता, मुदतपूर्व. पाहुण्यांतला एक काका पुढे आला. "शिक्का नाही, कागद नाही, आणि विष म्हणतो. वास तर चांगला येतोय."

"या विषाला वास येत नाही," शालिग्राम म्हणाला.

"मग उकळून घेऊ परत," उषाबाई म्हणाल्या.

"ताई, उकळून जंतू मरतात. त्यांनी सोडलेलं विष मरत नाही."

हे ऐकून माणसं हसली. जे दिसत नाही, ज्याला वास नाही आणि जे उकळूनही मरत नाही, त्यासाठी मुलीकडच्यांनी पाहुण्यांसमोर नाक कापून घ्यायचं? उषाबाईंनी पळी कॅनमध्ये बुडवली.

शालिग्रामने आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. त्याने डोळे मिटले आणि ओरडला, "पाल पडनी बासुंदीमा! मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!"

"माय वं!" पळी खाली पडली. कागद कुणी मागितला नाही. काकांनी स्वतः दोन्ही कॅन उचलून गटारात उपडे केले. दोन बायकांना तर न खाताच मळमळू लागलं. साखरपुडा गुळाच्या शिऱ्यावर पार पडला.

पालीची तक्रार मात्र त्याच संध्याकाळी नोंदली गेली, कारण पाल नियमावलीत होती. डेअरीला तासाभरात टाळं लागलं. मग चौकशी बसली. कोसाडला एकालाही उलटी झाली नाही, यावरून बासुंदी निर्दोष होती हे सिद्ध झालं. पाल हजर करता न आल्याने तिची तक्रार खोटी ठरली. डेअरी सन्मानाने उघडली आणि शालिग्रामची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. पट्ट्यांची पेटी, वापरणारा माणूस उपलब्ध नसल्याने, मुदत संपेपर्यंत कपाटात सुरक्षित राहिली.

ही हकीकत शालिग्रामने पुढे पुष्कळांना सांगितली. सदतीस जणांचं पुढे काय झालं, ते विष कोणतं, पट्ट्या आता कुठे आहेत, असं त्याला आजवर कुणी विचारलं नाही. सगळे जवळ सरकून, आवाज खाली आणून एकच विचारतात: "पण खरं सांगा, पाल पडली होती ना?"

तुम्हीही तेच विचारणार होतात, म्हणून आधीच सांगितलं: पाल नव्हती, विष होतं.