टेकडीवर सुटलेल्या जागा

दुपारी काकू बाजारातून परतल्या, तेव्हा काका काकूंचाच ब्रश धूत उभे होते आणि चेहऱ्यावर परोपकाराचं समाधान होतं. ते समाधान दिसलं की घरात काहीतरी बिघडलेलं असतं, हे काकूंना अनुभवानं ठाऊक होतं.

"अगं, किती जागा सुटल्या होत्या तुझ्या! सदतीस. सगळ्या भरल्या."

काकूंनी टेबलावरच्या चित्राकडे पाहिलं. सकाळी त्यातल्या टेकडीवर पांढरी रानफुलं होती. आता नुसती टेकडी होती.

"अहो, ती फुलं होती!"

"तिथं रंगच नव्हता."

"जलरंगात पांढरा लावत नाहीत हो! कागद कोरा सोडायचा, तेच फूल."

काकांचा उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला होता. भिंतीवर नखाएवढी जागा सुटली तरी त्यांना घास गिळवत नसे. "न रंगवता फूल? मग मजुरी कशाची घ्यायची?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

काकूंना रडू फुटायचंच बाकी होतं. तीन वर्षं रविवारच्या वर्गात मॅडम त्यांच्या चित्रांना 'छान प्रयत्न' म्हणत आल्या होत्या. यंदा पहिल्यांदाच एक चित्र प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. फक्त सही करायला म्हणून ते घरी आणलं होतं, आणि पाच वाजता मॅडम न्यायला येणार होत्या.

काकूंनी ओल्या स्पंजनं एक फूल मोकळं करून पाहिलं. फूल उमटलं नाही, टेकडीचा उतार मात्र ओघळून खाली रंगवलेल्या नदीत गेला. मग ब्लेडनं खरवडलं, तर कागदाला भोक पडलं.

"थांब, लांबी भरतो," काका म्हणाले. भिंतीतल्या भेगा बुजवायची लांबी त्यांच्या घरी कधी संपत नसे.

"हात लावलात तर बघा!"

पण काकू मॅडमना फोन करायला आत गेल्या, तेवढ्यात काकांनी भोक मागून बुजवलं, वरून घासलं आणि डाग दिसू नये म्हणून अख्ख्या टेकडीवर हिरवा रंग फिरवला.

"आता एक सुटलेली जागा दाखव."

दाखवायला खरंच काही उरलं नव्हतं. बेल वाजली.

मॅडमनी आत येऊन चित्र पाहिलं. "नावाची चिठ्ठी छापून झालीय, 'पांढरी रानफुलं'," त्या म्हणाल्या. "आता बदलायला वेळ नाही. असू दे."

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच चित्रापुढे झाली. लोक चिठ्ठी वाचत आणि वाकून फुलं शोधत. एका आजोबांना चार सापडली. त्यांच्या सुनेला सहा. काकूंना कुठं तोंड लपवावं कळेना.

तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई पुढं आल्या. "माझ्या दवाखान्यात बाहेर बसलेले पेशंट फार कंटाळतात. मला अगदी असंच एक काढून द्याल? पण हिरवा हाच हवा हं."

तीन वर्षांत काकूंचं चित्र कुणी मागितलं नव्हतं. त्या दात-ओठ खात शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, उद्या सकाळी मोकळे आहात का?"

काकांनी खिशातून भिंती मोजायची टेप काढली.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी दवाखान्यात येऊन जागा बघावी लागेल."